टॅलीप्राइमचं ‘इन्व्हेंटरी टर्नओव्हर’: आयता आकडा वापरू नका

माल वर्षात किती वेळा फिरला (इन्व्हेंटरी टर्नओव्हर) हे बघायचं तर टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेशो ॲनालिसिस हा रिपोर्ट उघडला की काम झालं, असं समजलं जातं. आकडा तिथे असतो, शेजारी कंसात सूत्रही असतं: विक्री भागिले अखेरचा साठा. घोळ या सूत्रातच आहे. विक्रीत नफा धरलेला, साठा मात्र खरेदीभावाने. शिवाय ३१ मार्चच्या तोंडावर बरेच दुकानदार खरेदी आवरती घेतात, त्यामुळे अखेरचा साठा वर्षभरातल्या साठ्यापेक्षा कमीच दिसतो.

रंग-हार्डवेअरचं दुकान धरा. विक्री ६० लाख, विकलेल्या मालाची खरेदी ४८ लाख, आरंभीचा साठा १० लाख, अखेरचा ६ लाख. टॅली दाखवणार १०. खरा हिशेब ४८ भागिले सरासरी साठा ८, म्हणजे ६. म्हणजे माल ३७ (३६५ भागिले १०) नव्हे, ६१ (३६५ भागिले ६) दिवसांनी फिरतोय. डीलरची उधारी ४५ दिवसांची असेल, तर ३७ वर विसंबणाऱ्याला वाटतं की बिल गल्ल्यातूनच फिटेल. प्रत्यक्षात १६ दिवस पदरचे किंवा सीसीचे (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचे) पैसे घालावे लागतात.

रंगाच्या धंद्यात ही ८ लाखांची सरासरीही कच्चीच. दिवाळीआधी गोदाम भरतं, ते तिच्यात येतच नाही. स्टॉक समरी या साठ्याच्या रिपोर्टमध्ये पूर्ण वर्ष घ्या, ऑल्ट+एन दाबून महिनावार कॉलम लावा. बारा महिनाअखेरी आणि आरंभीचा साठा, बेरीज भागिले १३.

कौतुक करायचं ते याच स्टॉक समरीचं. एफ१२ च्या सेटिंगमध्ये ग्रॉस प्रॉफिट चालू केलं की कन्झम्प्शनचा कॉलम येतो, म्हणजे गेलेला माल खरेदीभावाने. तो गटवार घेऊन त्या-त्या गटाच्या सरासरी साठ्याने भागा. पुट्टी भराभर फिरते, ऑइल पेंटच्या न चालणाऱ्या शेडचे डबे वर्षभर फळीवर. एकूण ६ मध्ये दोन्ही झाकले जातात. माल किती दिवसांपासून पडून आहे हे दाखवणारं एजिंग ॲनालिसिसही चोख आहे. ४५, ९०, १८० दिवसांचे टप्पे लावा आणि १८० च्या पुढचा माल आधी वितरकाला परत घेतो का विचारा, मग सवलतीत काढा.

पण हे सगळं नोंदी नीट असतील तरच. खरेदी आयटम न टाकता नुसत्या रकमेने चढवली की विक्री होताच साठा उणे जातो आणि मूल्यांकन बिघडतं. निगेटिव्ह स्टॉकचा रिपोर्ट दर आठवड्याला बघा. ओल धरलेल्या पुट्टीच्या गोण्या कमी केल्या नाहीत तर त्या कागदावर चांगला माल म्हणून राहतात. त्यासाठी फिजिकल स्टॉक व्हाउचर (प्रत्यक्ष मोजलेल्या साठ्याची नोंद) आहे. आणि एफ११ च्या सेटिंगमध्ये अकाउंट्स व इन्व्हेंटरी (हिशेब आणि साठा) जोडलेली नसतील, तर ताळेबंदातला साठा हाताने भरलेला असतो. मग रेशो ॲनालिसिसमधला आकडा तुमच्या गोदामाचा नाही, अकाउंटंटने टाकलेल्या रकमेचा.