हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर: देताना हात सैल, लेव्हलच्या बाबतीत मात्र आखडता

निन्टेन्डो डीएसवर पोकेमॉन या गेमच्या बऱ्याच जोड्या आल्या, पण जुन्या बाजारात आजही भाव चढा आहे तो हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हरचा. १९९९ सालच्या गोल्ड आणि सिल्व्हरची ही नव्याने बांधलेली आवृत्ती. जपानमध्ये सप्टेंबर २००९ मध्ये आली, अमेरिका आणि युरोपात मार्च २०१० मध्ये. जोहतो या प्रदेशाचे आठ जिम (प्रत्येकात एक प्रमुख हरवायचा), मग लीग ही शेवटची मोठी लढत, आणि लीग संपल्यावर कांटो हा दुसरा प्रदेश पूर्ण, म्हणजे आणखी आठ जिम. शिवाय लढायांसाठीच्या बॅटल फ्रंटियरचे पाच विभाग, सफारी झोन, पोकेमॉनच्या मैदानी स्पर्धांचं पोकेअॅथलॉन. आणि संघातला पहिला पोकेमॉन तुमच्या मागे चालत येतो. ४९३ पैकी कुठलाही! मागे वळून त्याच्याशी बोललं की तो काय करतोय ते कळतं. याचा लढाईत काडीचा उपयोग नाही, तरी ज्या गेममध्ये हे नाही तो नंतर सुनासुना वाटतो.

भाव वाजवी आहे का? गेमपुरतं बोलायचं तर हो. फक्त एक मोठी खोट आहे आणि ती आधी माहीत असलेली बरी: लेव्हल चढायला लागणारा अनुभव मिळवण्याची सोय फार तोकडी आहे. त्याकडे येतोच, पण त्याआधी बहुतेकांची गाडी जिथे पहिल्यांदा अडते ते ठिकाण, म्हणजे गोल्डनरॉड शहराची जिमप्रमुख व्हिटनी.

तिच्याकडे दोनच पोकेमॉन. लेव्हल १७ ची क्लेफेरी सोडून द्या. खरी डोकेदुखी लेव्हल १९ ची मिल्टँक. तिचा रोलआउट हा हल्ला ३० ताकदीने सुरू होतो आणि लागोपाठ बसत गेला की दर वेळी दुप्पट होतो, पाचव्या फटक्याला ४८०. तुमचा पोकेमॉन नर असेल तर अट्रॅक्टमुळे निम्म्या वेळा तो हल्लाच करत नाही. जीव अर्ध्यावर आणला की ती मिल्क ड्रिंक पिऊन पुन्हा टवटवीत. भुताच्या जातीचा पोकेमॉन पुढे करावा, तर स्क्रॅपी या गुणामुळे स्टॉम्प त्यालाही लागतो. झोपवायला जावं, तर हातातली लम बेरी पहिली झोप उडवते. उपाय त्याच शहरात आहे. दक्षिणेला रूट ३४ वर ड्राउझी पकडायचा आणि डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक जण त्याच्या बदल्यात मॅचॉप देतो, तो घ्यायचा. हा मॅचॉप मादी असतो, त्यामुळे अट्रॅक्ट चालत नाही. फायटिंग जातीचा असल्याने रोलआउटचा मार निम्मा बसतो आणि अदलाबदलीतला म्हणून अनुभव दीडपट मिळतो. लेव्हल १५-१६ पर्यंत आणला की कराटे चॉपने काम होतं. अदलाबदलीची खटपट नको असेल तर डार्क केव्हमधला जिओडूड चालेल, मादी बघून घ्या. सुरुवातीला मिळणाऱ्या तिघांपैकी गवताच्या जातीच्या चिकोरिटाने सुरुवात केली असेल तर यातलं एक काहीतरी कराच. तिचा मार्ग पहिल्या जिमपासूनच खडतर आहे, कारण पहिल्या जिममध्ये उडणारे, मग दुसऱ्यात किडे. हौस असेल तरच ती घ्या.

आता लेव्हलचं. सातव्या-आठव्या जिमपर्यंत पोचलात तरी गवतात भेटणारे पोकेमॉन विशीतच असतात. आठव्या जिमच्या क्लेअरचा किंगड्रा ४१ चा, लीगमधल्या लान्सचा शेवटचा ड्रॅगोनाइट ५० चा. मधली दरी भरायची कशी, याचं धड उत्तर गेमकडे नाही. कांटोत जिमवाले पन्नाशी ते साठीत, आणि माउंट सिल्व्हरवरचा रेड एकदम ८० च्या पुढे, त्याचा पिकाचू ८८ चा. त्या काळातल्या गेममध्ये अनुभव आपोआप सगळ्यांत वाटला जात नाही. एक्स्प. शेअर, म्हणजे न लढणाऱ्यालाही अनुभवाचा वाटा देणारी वस्तू, मिळतो तो लेक ऑफ रेजवरच्या लाल ग्याराडॉसकडून मिळालेलं लाल खवलं मिस्टर पोकेमॉनला नेऊन दिल्यावर. बरेच जण ते खवलं बॅगेत तसंच ठेवून पुढे जातात आणि मग लीगच्या दारात रखडतात.

यातून वाट काढायची तर संघ चार-पाच जणांचाच ठेवा, बाकी जागा एचएम, म्हणजे झाड तोडणं, पाणी ओलांडणं अशा वाटेवर लागणाऱ्या चाली, वाहणाऱ्यांना. लान्सपाशी हरलात तरी वाटेत मिळालेला अनुभव राहतो, तेव्हा गवतात भटकण्यापेक्षा लीगच पुन्हा पुन्हा लढलेली परवडते. कांटो संपल्यावर लीगचे लोक जास्त तगडे होऊन येतात. जिमवाल्यांचे फोन नंबर मिळवले तर सॅफ्रनच्या फायटिंग डोजोत त्यांच्याशीही पुन्हा लढता येतं. नंबर मात्र ठरावीक वारी, ठरावीक वेळी, ठरावीक जागी गाठूनच मिळतात.

तो लाल ग्याराडॉस हातचा सोडू नका. लेव्हल ३० ला मिळतो, ३२ ला आइस फँग शिकतो, ४४ ला अटॅक आणि वेग वाढवणारा ड्रॅगन डान्स. मूळ गोल्ड-सिल्व्हरमध्ये बर्फाचा आणि पाण्याचा मार सगळा स्पेशलमध्ये मोजला जायचा, त्यामुळे ग्याराडॉसचा दांडगा अटॅक वाया जायचा. इथे प्रत्येक चाल स्वतंत्रपणे फिजिकल किंवा स्पेशल आहे. लान्सच्या तीन ड्रॅगोनाइटना बर्फाचा मार चौपट बसतो. दोन ड्रॅगन डान्स लावून आइस फँग सुरू केलं की ही लढाई, जी एरवी अंगावर येते, बरीच सोपी होते.

नाणी जिंकून बक्षिसं घेण्याच्या गेम कॉर्नरमध्ये जपानबाहेरच्या आवृत्तीत स्लॉट मशीन नाही, व्होल्टॉर्ब फ्लिप आहे आणि नाणी विकत मिळत नाहीत. पाच बाय पाचचा पट, प्रत्येक ओळीच्या टोकाला आकड्यांची बेरीज आणि व्होल्टॉर्ब (उघडला की डाव संपवणारा) किती ते लिहिलेलं. बेरीज आणि व्होल्टॉर्ब मिळून पाच होत असतील तर त्या ओळीत १ आणि व्होल्टॉर्बशिवाय काही नाही, तिकडे फिरकूच नका. शून्य व्होल्टॉर्बची ओळ आधी उघडा. ड्रॅगोनाइटचं सुरुवातीचं रूप असलेला ड्रॅटिनी २,१०० नाण्यांना आहे, पण त्यासाठी इथे डोकं फोडायची गरज नाही. ड्रॅगन्स डेनमधल्या आजोबांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिलीत तर एक्स्ट्रीमस्पीड ही वेगवान चाल येणारा ड्रॅटिनी फुकट मिळतो.

डब्यात सोबत पोकेवॉकर यायचा, पावलं मोजणारं छोटं यंत्र. २० पावलांना १ वॉट. १० वॉट देऊन पोकेमॉन शोधा, ३ वॉट देऊन वस्तू. आत ठेवलेल्या पोकेमॉनला पावलामागे एक अनुभव मिळतो, पण एका फेरीत एकच लेव्हल चढते. म्हणजे लेव्हलचं दुखणं यानेही बरं होत नाही. आत सीआर२०३२ सेल लागतो, घड्याळवाल्याकडे सहज मिळेल. सेल बदलण्याआधी आतला पोकेमॉन गेममध्ये परत घ्या.

विकत घेताना सगळ्यात मोठा धोका नकली कार्ट्रिजचा. पोकेवॉकरशी बोलणारा इन्फ्रारेड भाग डीएसमध्ये नसून कार्ट्रिजमध्येच आहे, म्हणून अस्सल कार्ट्रिज काळपट आणि किंचित पारदर्शक असतं. उजेडापुढे धरलं की आतलं अंधुक दिसतं. साधं राखाडी, अपारदर्शक दिसलं की तिथेच थांबा. अमेरिकन कार्ट्रिजच्या कोडमध्ये हार्टगोल्डवर आयपीकेई (IPKE) आणि सोलसिल्व्हरवर आयपीजीई (IPGE) ही अक्षरं असतात. नकलीत पोकेवॉकर जोडला जात नाही आणि सेव्ह कधी उडेल याचा नेम नसतो. पोकेवॉकर हवा नसला तरी विकणाऱ्याला जोडून दाखवायला सांगा, त्याहून पक्की परीक्षा नाही. डीएसच्या या गेमला देशाचं कुलूप नाही, कुठलंही कार्ट्रिज कुठल्याही डीएस किंवा थ्रीडीएसवर चालतं. सेव्ह एकच राहतो. जुना पुसायचा तर सुरुवातीच्या पडद्यावर वर, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबा, पण आधी त्यात काय दडलंय ते बघून घ्या.

दोनपैकी कुठला? हार्टगोल्डमध्ये लीगआधी लेव्हल ४५ चा हो-ओह, सोलसिल्व्हरमध्ये लुगिया. दुसरा नंतर ७० ला मिळतोच. ग्रोलिद, मँकी, ग्लायगर, फॅनपी हार्टगोल्डला. व्हल्पिक्स, म्याऊथ, स्कार्मोरी, टेडियर्सा सोलसिल्व्हरला. जोहतोत आगीचे पोकेमॉन मोजकेच, आणि हो-ओह आगीचा, म्हणून आगीच्या सिंडाक्विलने सुरुवात करणार असाल तर सोलसिल्व्हर घ्या, पाण्याचा टोटोडाइल घेणार असाल तर हार्टगोल्ड. रेक्वाझा या दुर्मीळ पोकेमॉनसाठी हार्टगोल्डचा क्योग्रे आणि सोलसिल्व्हरचा ग्राउडॉन एकत्र लागतात, आणि निन्टेन्डोची ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद झाल्याने अदलाबदल आता शेजारी बसूनच. पकडलेले पोकेमॉन पुढच्या ब्लॅक-व्हाइट या जोडीत नेता येतात, त्याला दोन डीएस लागतात, एका वेळी सहा जातात आणि परत येत नाहीत. एचएम शिकलेला पोकेमॉन जातच नाही. आधी ब्लॅकथॉर्नमध्ये मूव्ह डिलीटरकडून ती चाल पुसून घ्यावी लागते.