वजन घटवायचंय: कार्डिओ करावा की वजनं उचलावीत?

अर्ध्या तासाचा हिशेब मांडला तर कार्डिओ (चालणं, पळणं, सायकल असा दम लागणारा व्यायाम), निदान पळणं तरी, सरळ जिंकतो. 70 किलोचा माणूस ताशी 8 किलोमीटरने अर्धा तास पळाला तर साधारण 290 कॅलरी खर्च होतात, भरभर चालला तर 150च्या आसपास. तेवढ्याच वेळात वजनं उचलली तर 110 ते 220, कारण बराच वेळ दोन सेटमधल्या (सलग उचलण्याच्या दोन फेऱ्यांमधल्या) विश्रांतीत जातो. 'वेट ट्रेनिंगनंतर दिवसभर चरबी जळत राहते' हे ट्रेनर मंडळींचं आवडतं वाक्य. जास्तीचा खर्च होतो खरा, पण थोडका. वाढलेल्या स्नायूंचंही तेच: एक किलो स्नायूला बसल्या जागी दिवसाला जेमतेम 13 कॅलरी लागतात.

मग वजनं उचलायचीच कशाला? वजनकाटा किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते नाही. फक्त खाणं कमी करून उतरवलेल्या वजनातला ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. स्नायूंवर नियमित ताण पडला आणि वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं मिळाली, तर ही गळती बरीच थांबते. चालण्या-पळण्याने ती तेवढी थांबत नाही.

ड्यूक विद्यापीठाच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त वजनाच्या लोकांचे गट आठ महिने व्यायाम करत होते. कार्डिओवाल्यांची चरबी घटली. नुसती वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले आणि काटा थोडा वरच गेला. दोन्ही करणाऱ्यांची चरबी कार्डिओवाल्यांइतकीच उतरली, शिवाय स्नायूही वाढले; वेळ मात्र दुप्पट गेला. म्हणजे खाण्याला हात न लावता नुसती वजनं उचलून बारीक होऊ, ही आशा सोडलेली बरी.

आठवड्याला तीन तास मिळत असतील, तर आमचं मत असं: 45 मिनिटांची वजनांची दोन सत्रं, उरलेली 90 मिनिटं तीन दिवसांत वाटून भरभर चालणं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. वजनांत स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), पुशअप आणि रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं) पुरे. प्रत्येकाचे 8 ते 12 रेप्सचे (एक रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल) तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. शेवटचे दोन रेप्स जड जायला हवेत, पण पाठ वाकता कामा नये. तिन्ही सेटमध्ये 12 सहज निघू लागले की 2.5 किलो वाढवा. दोन्ही एकाच दिवशी असेल तर वजनं आधी. दमलेल्या पायांनी स्क्वॉट बिघडतो.

वेळ याहून कमी असेल आणि खाणं आधीच आटोक्यात असेल, तर वजनं निवडा, चालणं दिवसभरात विखरून करा. दोन जिने चढताना धाप लागत असेल तर आधी महिनाभर चालणं. हृदयविकार किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

कार्डिओत घोटाळा होतो तो असा: जड शरीराने पहिल्याच आठवड्यात पळायला घेतलं की नडग्या आणि गुडघे बोलू लागतात. त्यापेक्षा ट्रेडमिलला चढ द्या किंवा सायकल घ्या. चढावर दांडा धरून लटकलात तर मेहनत दांडा करतो, आणि पडद्यावरचा कॅलरीचा आकडा तसाही फुगलेलाच असतो. त्यावर विसंबून जास्त खाल्लं की सगळं मुसळ केरात.

वजनांत लोक सोडून देतात ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नव्या ताणाने स्नायूंत पाणी साठतं, काटा किलोभर वर जातो आणि 'आपण जाड होतोय' असं वाटतं. म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा आणि आठवड्याची सरासरी धरा. सोबत दर पंधरवड्याला बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेप न आवळता कंबर मोजा. सरासरी जागची हलली नाही आणि कंबर दोन सेंटिमीटरने उतरली, तर काहीही बदलू नका. चार आठवड्यांत दोन्ही हललं नाही, तर व्यायाम वाढवण्याआधी ताटातलं मोजा.