मनी प्लांटसाठी घेतलेली मॉस स्टिक, दहा महिन्यांनंतर

गेल्या जुलैत ऑनलाइन तीन फुटी मॉस स्टिक, म्हणजे वेल चढवायची मॉसची (शेवाळाची) काठी, मागवली. नाव मॉस स्टिक पण मॉस औषधालाही नाही, पीव्हीसी पाइपला काथ्या गुंडाळलेला, बस्स. आधी हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते. मावशीकडे कुडाळला गेले होते, तिथे परसातल्या फणसावर एक वेल चढलेला, पानं सुपाएवढी आणि कडेने फाटलेली, मी विचारलं हे कसलं झाड, तर म्हणाली "तोच गो तो, तुझ्या बाटलीत आसा तो." माझा विश्वासच बसेना. बाटलीतल्या मनी प्लांटची पानं विड्याच्या पानाएवढी!

मग वाचत बसले. हा मूळचा ताहितीजवळच्या मोओरिया बेटावरचा, म्हणजे जंगलात झाडांवर चढणारा वेल. लोंबकळत ठेवला की पानं लहानच राहतात, पण मुळांनी खोड पकडून वर चढायला लागला की प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा मोठं येत जातं. एकदा उघडलेलं पान मात्र नंतर मोठं होत नाही, त्यामुळे खालची पानं का वाढत नाहीत म्हणून जीव काढू नका, मी दोन महिने काढला.

आता स्टिकबद्दल. पावसाळ्यात छान वाटली, हवाच ओली होती ना. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि खरं रूप कळलं, काथ्यावर पाणी मारलं की निम्मं सरळ ओघळून खाली आणि उरलेलं तासाभरात वाळून जातं. पेरांपाशी तपकिरी मुळं निघाली होती ती काथ्याला नुसती टेकून वाळली, आत शिरलीच नाहीत. मुळांना ओल मिळाली नाही तर काठी म्हणजे नुसता आधार, झाडाच्या दृष्टीने ते खोड नाहीच. पानं थोडी मोठी झाली, पण पैसे वसूल म्हणण्याइतकी नाही. वर काठी हलते, एकदा वाऱ्याने कुंडीसकट आडवी झाली.

चूक माझीही होती, सुरुवातीला दोऱ्याने देठच बांधून टाकले, मग पानांना उजेडाकडे वळता येईना आणि सगळी वेडीवाकडी. बांधायचं ते खोड, पेराच्या जवळ, म्हणजे मुळं काठीला टेकतात, देठ मोकळे सोडायचे. आणि कापाकापी केल्यावर हात धुवा, हा अळूच्याच खानदानातला, चीक लागला की खाज येते. घरात मांजर असेल तर लांबच ठेवा.

जानेवारीत वैतागून घरीच काठी केली. प्लास्टिकच्या जाळीची नळी, आत भिजवलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), केबल टायने बंद, वरून पाणी ओतायचं. खर्च जास्त झाला कारण मॉस महाग आहे, आणि चिलटं झाली ती वेगळीच. पण तीन आठवड्यांत मुळं जाळीतून आत! आधीची पानं चार इंची होती, सगळ्यात वरचं आता नऊ इंच भरलं, मोजपट्टी लावून सांगतेय. फाटलेलं अजून एकही नाही, फणसावरच्या त्या वेलाला किती वर्षं झाली असतील कोण जाणे.

फुलाची वाट बघू नका. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक याला नीट बनवताच येत नाही, 2016 च्या अभ्यासात जनुकातला दोष सापडलाय. म्हणजे सगळीकडे जो पसरला तो फांद्या तोडून तोडूनच. चोरून आणलेला मनी प्लांटच वाढतो म्हणतात ते काही अगदीच चूक नाही, माझाही सोसायटीच्या लॉबीतलाच आहे.

विकतच्या काठीला पाचपैकी दोन. घरच्या काठीला साडेचार, अर्धा चिलटांमुळे कापला. काठी आता संपलीय, शेंडा बाजूच्या ओल आलेल्या भिंतीवर चढायला लागलाय आणि नवरा रोज विचारतो, कापणार कधी.