थडग्यांवरचं लॅटिन वाचायचंय, दिवस एकच: फ्लॉरेन्स की व्हेनिस?

इटलीच्या टूरमध्ये एकच दिवस मोकळा असेल आणि रेनेसाँच्या, म्हणजे प्रबोधनकाळातल्या, सत्ताधाऱ्यांच्या संगमरवरी थडग्यांवरचं लॅटिन स्वतः वाचून बघायचं असेल, तर माझं मत फ्लॉरेन्सला. नुसतं बघायचं असेल तर मात्र व्हेनिस, त्यात वादच नाही.

फ्लॉरेन्सला ड्युओमो, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोरच्या बाप्टिस्टरीत (बाप्तिस्मा द्यायची इमारत) बाल्दासारे कोसाचं थडगं आहे, दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो या शिल्पकारांचं काम. हा तेविसावा जॉन म्हणून पोप झालेला गडी, १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने त्याला पदावरून काढला, तरी थडग्यावरच्या लेखात 'क्वोन्डम पापा' म्हणजे एकेकाळचा पोप असं ठणकावून कोरलंय, आणि त्यावरून गादीवरचा पोप पाचवा मार्टिन चांगलाच भडकला, पण फ्लॉरेन्सवाल्यांनी ते काही खोडलं नाही! लेख छोटा, अक्षरं ठळक. मृत्यूची तारीख मात्र रोमन पद्धतीची, जानेवारीच्या कॅलेंड्सआधी (कॅलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस) अकरावा दिवस, म्हणजे १ जानेवारी धरून उलटं मोजत जायचं की येतो २२ डिसेंबर १४१९. नवशिक्याला याहून चांगला धडा नाही.

फ्लॉरेन्सलाच सान लोरेंझो चर्चला मायकेलअँजेलोने घडवलेली, तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याची थडगी बघायला गर्दी असते, पण त्या दोन ड्यूकच्या थडग्यांवर लेखच नाही, साधं नावसुद्धा नाही. वाचायला जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा.

व्हेनिसला सान्ती जोव्हान्नी ए पाओलो या एकाच चर्चमध्ये २५ दोजे, म्हणजे तिथले राज्यप्रमुख, पुरलेत. आत शिरलात की मागे वळून दाराची भिंत बघा, दोजे पिएत्रो मोचेनिगोचं थडगं दिसेल, शिल्पकार पिएत्रो लोम्बार्दोने १४८१ च्या सुमारास पूर्ण केलेलं. वर तीनच शब्द, 'एक्स होस्टियुम मानुबीस', शत्रूंकडून मिळालेल्या लुटीतून, म्हणजे तुर्कांशी लढलेल्या या माणसाच्या थडग्याचा खर्च कुठून निघाला तेच कोरून ठेवलंय, माज बघा! शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'होस्टियुम' ही षष्ठी बहुवचन आहे हे पटकन जाणवेल. अडचण एवढीच की इथली बरीच थडगी भिंतीवर उंच आहेत, लांबलचक लेख असला की मान दुखते, फोनचा झूमही पुरत नाही, छोटी दुर्बीण लागते. दोजे आंद्रेआ वेन्द्रामीनचं थडगंही इथेच, कोरीवकाम अफाट, फक्त त्यातला अ‍ॅडमचा पुतळा आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे.

बायकोमुलं सोबत असतील आणि त्यांना लॅटिनचा कंटाळा असेल, तर मात्र व्हेनिस घ्या, तुम्ही भिंती वाचा, ते बाहेर कालव्याकाठी बसतील.