टर्बो गेला म्हणून 42,050 घेतले, गेला होता फक्त होज

आधी आकडा लिहितो. 42,050. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) 31,500, इंजेक्टर सफाई 3,600, ऑइल-फिल्टर 2,450, मजुरी 4,500. खरा खर्च होता 1,650, होजचा, म्हणजे टर्बोची हवा इंजिनाकडे नेणाऱ्या रबरी नळीचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकील मित्राने दम दिलाय. पुण्यात हायवेला लागून आहे एवढंच.

गाडी 2011 ची डिझेल, तेच फियाटवालं 1248 सीसीचं 1.3 मल्टिजेट जे तेव्हा किती कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं. दिवाळीत गावी जाताना खंबाटकीच्या चढावर एक बाइकवाला शेजारी आला आणि हातानेच खूण केली, मागे बघा. आरशात नुसता काळा पडदा. पिकअप नाही, तिसऱ्यात गाडी रडतेय, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटमधून सूऽऽ असा आवाज. तो आवाज लक्षात ठेवा, मी नाही ठेवला.

पुण्यात परत आल्यावर गॅरेजवाल्याने इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्याच रुमालावर पुसून दाखवलं. "साहेब, टर्बोचं सील गेलंय, ऑइल फेकतोय. अशीच चालवलीत तर इंजिन रनअवे होईल, चावी काढली तरी बंद होणार नाही." वर मोबाइलवर व्हिडिओ, धुराच्या ढगात किंचाळणारं इंजिन. मी गार.

इथेच मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ऑइल जळलं की धूर निळसर येतो हे मला माहीत होतं, माहीत! आणि त्याच सकाळी मी डिपस्टिक बघितलेली, ऑइल वरच्या खुणेला, बदलून सहा हजार किलोमीटर झाले तरी. म्हणजे ऑइल कुठेच जात नव्हतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, आणि मी त्याला तोंडाने "काळा धूर" असंच सांगितलं होतं. तरी रुमालाकडे बघत मान हलवली. पाइपात थोडं ऑइल असतंच हो, ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ तिकडूनच परत इंजिनात जाते, चांगल्या गाडीतही बोट काळंच निघतं. पण तो व्हिडिओ बघून, बायको-पोरं रोज त्याच गाडीत बसतात म्हटल्यावर, तुम्ही तरी काय केलं असतंत?

20,000 यूपीआयने, तेही "भावाच्या नंबरवर टाका", बाकी 22,050 रोख. वरचे 50 सुद्धा सोडले नाहीत. "पक्कं बिल हवं तर जीएसटी पडेल साहेब." मी हावरट, म्हटलं राहू दे. जुना टर्बो मागितला तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला". जुना पार्ट डोळ्यांसमोर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ट्रायल सपाट रस्त्यावर दिली, धूर नाही, मी खूश. अरे धूर लोडवर येतो! ट्रायल कात्रजच्या चढावर घ्या, एसी लावून, चार माणसं बसवून. आणि त्याने पीयूसीसुद्धा काढून दिली. डिझेलला गाडी पूर्ण रेस करून धूर मोजायचा असतो, बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या गाडीला धुराची मर्यादा 1.62. माझी रेस केलीच नाही, नळी बाहेर लोंबत होती आणि कागदावर 0.9.

पुढच्याच चढावर धूर हजर. फोन केला तर "ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला शिकू द्या, दोनशे किलोमीटर चालवा". चालवली. मग "आता पंप बघावा लागेल, 18,000".

शेवटी कराडला मेहुण्याच्या ओळखीचे एक फिटर मामा. मेहुण्याला रेस करायला लावली आणि होजवर खालून हात फिरवला. बोटभर चीर, भोवती तेलकट धूळ चिकटलेली. तोच तो सूऽऽ आवाज: सेन्सरने मोजलेली हवा मधेच निसटते, डिझेल मात्र मोजल्याप्रमाणे पडतं, म्हणून काळा. दहा मिनिटं लागली. मग टॉर्च मारून टर्बो दाखवला. सिल्व्हर स्प्रे मारलेला, आणि रंगाखाली बोल्टवरचा गंज जसाच्या तसा. टर्बो काढलाच नव्हता हो! 31,500 चा रंग.

चौकीत गेलो तर "हा सिव्हिल मॅटर आहे". म्हटलं न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही? "बिल आहे का?" कच्ची चिठ्ठी दाखवली, त्यावर शिक्का नाही, सही नाही. तिथून पाठवलं वाहनांच्या कार्यालयात, तिथला माणूस म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाही. पीयूसीचं बोललो तर "पास झालीय ना, मग तक्रार कसली?" परत चौकीत, आता साहेब बंदोबस्ताला. चार सुट्ट्या गेल्या यात. एक हवालदार तर म्हणाला "एवढे पैसे देण्याआधी विचारायचं होतं कुणाला तरी". धन्यवाद.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि 2 वर्षांची मुदत असते, म्हणून आता तो अर्ज लिहितोय. पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट, बोल्टचे फोटो. तो रुमालही ठेवलाय, बायको टाकून दे म्हणतेय.