परळ ते हिंदू कॉलनी हेरिटेज वॉक: साडेतीन स्टार, दीड स्टार नायगावात कापला

रविवारी सकाळी साडेसातला परळच्या पोयबावडीला जमायचं, तिथून चालत नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी आणि शेवट दादरच्या हिंदू कॉलनीत, माणशी ८०० रुपये, कांदेपोहे-चहा त्यातच. ग्रुपचं नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत. मी स्वतः नायगाव बीडीडीत वाढलोय, त्यामुळे बायको म्हणाली आपलीच चाळ बघायला पैसे मोजणारा तू पहिलाच.

सुरुवात एक नंबर. बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची) चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली ५० आणि ५१, बाबासाहेब इथे १९१२ ते १९३४ राहिले. मग गाईड मुलीने जे जोडून दाखवलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. १८९६ ला मांडवीत प्लेग सुरू झाला, सरकारचं म्हणणं की दाटीवाटीतली कोंदट हवाच रोग पसरवते (उंदीर-पिसवांचं गणित पुढे कळलं), घरांवर यूएचएच म्हणजे 'माणसांना राहण्यास अयोग्य' असे शिक्के मारले, आणि १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टने वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, थोड्या चाळी बांधल्या, आणि दादर-माटुंग्याला प्लॉट पाडले. पहिल्या वीसेक वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त! म्हणजे बाबासाहेबांची चाळ पण ट्रस्टची आणि नंतर ते जिथे राजगृहात गेले ती हिंदू कॉलनी पण ट्रस्टच्याच प्लॉटवर. एकाच ऑफिसातून दोन वेगळे नकाशे निघाले, एकात झाडं आणि बाग, दुसऱ्यात एक खोली.

हिंदू कॉलनीत तिने पिशवीतून शाळेतला कोनमापक काढला. ट्रस्टचा ६३.५ अंशांचा नियम होता, समोरच्या इमारतीने खिडकीतला उजेड अडवू नये म्हणून मधे किती जागा सोडायची त्याचं माप. गल्लीत उभं राहून कोनमापक डोळ्याला लावून ती दाखवत होती आणि वॉचमन तिच्याकडे बघतोय. हा भाग पाच स्टार.

आता नायगाव. १९२० ला गव्हर्नर लॉइडने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर, ठरलं ५०,००० खोल्या आणि बांधल्या साधारण १६,०००. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. हे सगळं तिने नीट सांगितलं, पण नायगावात शिरल्या शिरल्या माईकमधे 'स्लम-लाइक कंडिशन्स' म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. अगं बाई, सरकारने स्वतः काँक्रीटमधे ओतून बांधलेली बिल्डिंग आहे ती, नकाशा सरकारचा, माप सरकारचं, एक खोली १६० चौरस फूट, मजल्यावर २० खोल्या, मधला पॅसेज दुपारी बाराला पण काळोखा, संडास कॉमन, आणि बदनाम कोण तर आत राहणारा. प्लेगच्या वेळी पण हेच, खोलीत उजेड नाही हा दोष भाडेकरूच्या सवयीचा.

ग्रुपमधल्या एकाने विचारलं, लोक अजून राहतात इथे? दुसरा उलट टोकाचा, किती आपुलकी, दारं उघडीच असतात ना! अरे दार उघडं कारण बंद केलं तर आत हवा नाही. मी दहावीचा अभ्यास पॅसेजमधे पिंपाच्या बाजूला बसून केला, बल्ब तिथे होता म्हणून, त्यात आपुलकी बिपुलकी काही नव्हती. वाळत घातलेल्या परकरांचे फोटो काढणाऱ्याला एक मावशी म्हणाल्या, कोण पाहिजे? हेरिटेज बघतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग आत या, बाहेरून काय बघताय. कोणी गेलं नाही, गाईड म्हणाली शेड्यूल टाइट आहे. अर्धा स्टार त्या शब्दाला कापला आणि एक स्टार याला.

बाकी हेडसेट नीट चालतात, पोहे गार होते, बूट घालून जा, तीन तास म्हणतात पण पावणेचार लागतात. बीडीडी चाळींच्या रिडेव्हलपमेंटवर फार बोलले नाहीत, ५०० फुटांची घरं मिळणार एवढंच, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमधे पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या हे मीच सांगितलं. नवीन टॉवरला ६३.५ अंश लावले का हे विचारलं तर हसली.

वॉक संपल्यावर मी मागे फिरून त्या मावशींकडे चहाला गेलो. पंचवीस वर्षांनी पण ओळखलं त्यांनी, आईचं नाव घेऊन विचारलं. त्यांच्या नव्या घराचं अजून ठरायचंय, कुठला मजला येतो ते लॉटरीवर आहे. मजला कुठलाही चालेल म्हणाल्या, फक्त खिडकी रस्त्याच्या बाजूला येऊदे.