दातांच्या क्रमांकांच्या तीन पद्धती : हाताला कोणते वळण लावावे?

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) पहिल्या वर्षात दातांची रचना शिकताना तीन क्रमांकपद्धती एकदमच समोर येतात, आणि परीक्षेपुरत्या तिन्ही पाठ झाल्या तरी रोजच्या लिहिण्याबोलण्यात कोणती ठेवावी हा प्रश्न उरतोच. खालची डावी पहिली दाढ घेतली, तर एफडीआय (जागतिक दंतवैद्यक महासंघ) पद्धतीत ती ३६ असते, अमेरिकेतील युनिव्हर्सल पद्धतीत १९ असते, आणि झिगमोंडी-पामर पद्धतीत डावीकडे उभी व वर आडवी रेघ असलेला ६ असतो.

रचना समजून घेण्यासाठी यांतली सर्वांत जुनी पद्धत मला सर्वांत चांगली वाटते. व्हिएन्नाचे दंतवैद्य झिगमोंडी यांनी १८६१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत उभी रेघ म्हणजे तोंडाची मध्यरेषा आणि आडवी रेघ म्हणजे वरच्या व खालच्या जबड्यांमधली सीमा. मध्यरेषेपासून मागे मोजत गेले की पटाशीचा पहिला दात १, सुळा ३, पहिली दाढ ६ आणि अक्कलदाढ ८, हे चारही भागांत सारखेच राहते. अडचण टंकलेखनात येते, कारण संगणकावर किंवा मोबाइलवरच्या संदेशात रेघा गळून पडल्या की उरलेला ६ चार वेगवेगळ्या दाढांचा होऊ शकतो.

युनिव्हर्सल पद्धत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ अशी सलग धावते. ती टंकायला सोपी आहे, पण चार पहिल्या दाढा ३, १४, १९ आणि ३० होतात, म्हणजे त्यांच्यातले साम्य आकड्यांत दिसतच नाही.

एफडीआयने १९७० मध्ये स्वीकारलेली दोन अंकी पद्धत दोन्हींतले चांगले घेते : पहिला अंक भागाचा (रुग्णाचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४) आणि दुसरा अंक दाताचा. दुधाच्या दातांसाठी हेच भाग ५ ते ८ होतात, त्यामुळे खालची डावी दुसरी दुधाची दाढ ७५ ठरते. युनिव्हर्सलमध्ये तिच्यासाठी ‘के’ हे अक्षर वेगळे लक्षात ठेवावे लागते. मराठीत मात्र एक काळजी घ्यावीच लागते. ‘छत्तीस’ म्हणताना आपल्या तोंडी सहा आधी आणि तीस नंतर येतो, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून ६३, म्हणजे वरचा डावा दुधाचा सुळा, लिहिला जाण्याची भीती असते. म्हणून ‘तीन-सहा’ असेच सुटे अंक उच्चारावेत.

भारतात शिकून इथेच काम करणाऱ्याने एफडीआय हाताला बसवावी, आणि दात ओळखण्याच्या सरावापुरती झिगमोंडीची चौकट वहीत काढत राहावी. ब्रिटनमध्ये जायचे असेल, तर तीच चौकट पुढेही उपयोगी पडते. अमेरिकेत दंतवैद्यकाचा परवाना मिळवण्यासाठीच्या आयएनबीडीई परीक्षेसाठी युनिव्हर्सल लागतेच, पण ती एफडीआय पक्की झाल्यावर घ्यावी, कारण दोन्हींची सरमिसळ धोक्याची असते. दात सरळ करण्याच्या उपचारात अनेकदा काढावी लागणारी वरची उजवी पहिली उपदाढ (सुळ्यामागचा दात) एफडीआयमध्ये १४ असते, आणि युनिव्हर्सलमध्ये १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. दात काढण्यासाठी दुसऱ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘१४’ लिहिले आणि वाचणारा दुसऱ्या पद्धतीत वाढलेला असला, तर रुग्णाची निरोगी दाढ जाईल. म्हणून पद्धत कोणतीही निवडली तरी चिठ्ठीत आकड्याशेजारी दाताचे पूर्ण नाव आणि रुग्णाची बाजू अक्षरात लिहावी.